मालनच्या वाट्याची गोळी

कुसाबाईला शहाणपण शिकवायला गेलेला माणूस आपणच चार गोष्टी शिकून परत यायचा, असा तिचा मातोरीत लौकिक होता आणि तो तिला स्वतःलाही चांगला ठाऊक होता. गुलाबावर कधी कोणतं औषध मारायचं, ते खतांच्या दुकानातला पोरगा मोबाईलमध्ये बघून सांगायचा. कुसाबाई पान उलटं करून सांगायची. घर दोन भावांचं. थोरला सोमनाथ तिचा नवरा, तो सकाळी फुलांची गाडी घेऊन नाशिकला गणेशवाडीच्या बाजारात जायचा. धाकटा गोटीराम शेत बघायचा. पण यंदा पानांवर भुरीचा रोग येणार की नाही, याचा निकाल कुसाबाईच द्यायची आणि तो सहसा चुकत नसे.

ती लग्न होऊन आली तेव्हा गोटीराम नऊ वर्षांचा होता. त्याचा डबा तिने भरला, त्याला गोवर आला तेव्हा उशाशी ती बसली आणि पुढे त्याच्यासाठी मुलगी पाहायलाही तीच पुढे झाली. बाकीच्यांनी मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारला. कुसाबाईने विचारलं, "काट्याची भीती वाटती का?"

"टोचला की वाटती," मुलगी म्हणाली आणि स्वतःच फिसकन हसली. तेवढ्यावर कुसाबाईने पसंती देऊन टाकली. ती मुलगी म्हणजे मालन.

दोघी जावांचं इतकं पटायचं की भावकीतल्या बायकांना ते पचत नसे. उजाडायच्या आत दोघी वाफ्यात उतरायच्या, मालनची बडबड आणि हसणं बांधावरून ऐकू यायचं, आणि कुसाबाई वरवर तिला दटावत आतून खूश व्हायची. घरात जे काही चांगलं येईल ते कुसाबाई आधी मालनच्या ताटात वाढायची. तुपाची शेवटची धार असो की भाजलेल्या वांग्याचा मऊ गर. मालन "ताई, तुम्हाला?" म्हणाली की ठरलेलं उत्तर यायचं, "मला नाय आवडत." वीस वर्षं कुसाबाईला जगातलं काहीच चांगलं आवडत नव्हतं.

मग दोघींना साखर लागली. थोरलीला एक्कावन्नाव्या वर्षी, धाकटीला एक्केचाळिसाव्या. त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही, कारण त्या घरात साखर नवी नव्हती. सासू चिमणाबाई पंधरा वर्षं साखरेच्या गोळ्या खात होती. पण शेवटची दोन वर्षं तिने जे केलं ते कुसाबाई विसरली नव्हती. चांगली बोलती-चालती बाई एक दिवस भिंतीकडे तोंड करून निजली आणि मरेपर्यंत तशीच राहिली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर मागायची नाही. लोक म्हणाले म्हातारपण. एकसष्टाव्या वर्षी कसलं डोंबलाचं म्हातारपण? कुसाबाईचं म्हणणं होतं की सासूला साखरेने नाही, त्या गप्पपणाने नेलं. तिचं हे म्हणणं तिच्याजवळच राहिलं, कारण त्याला दुजोरा द्यायला कुणी डॉक्टर नव्हता.

तो डॉक्टर भेटला गेल्या संक्रांतीनंतर. दोघी साखर तपासायला नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथे योगिनी मॅडम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई साखरेच्या रुग्णांना एकेक करून बोलावत होत्या.

"साखर वर्षानुवर्षं राहिली की पुष्कळ लोकांचं मन बसतं," मॅडम म्हणाल्या. "खाणं, झोप, बोलणं, सगळ्यातून मन उठतं. आम्हाला असं वाटतं की साखरेमुळे अंगात आतल्या आत बारीक सूज राहते आणि तीच मनापर्यंत पोचते. एक जुनं अँटिबायोटिक आहे. जंतूंवर देतात, पण त्याने सूजही उतरते. मन बसायच्या आधीच ते रोज थोडं थोडं दिलं तर बसणं टळतं का, ते आम्ही बघतोय. टळेलच असं मी सांगत नाही. तेच तर बघायचंय."

कुसाबाईने मालनकडे पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेली सासू तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आपण म्हणत होतो ते खरं होतं, हे ऐकायला तिला इतकी वर्षं लागली होती.

"म्हंजी भुरी यायच्या आधी मारायचा फवारा," ती म्हणाली.

"अगदी तसंच. पण अर्ध्या लोकांना औषधाची कॅप्सूल मिळेल आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती, ते मलाही माहीत नसेल. ते पाकिटात बंद असेल."

"गुलाबाच्या दोन वळी फवारायच्या, दोन सोडायच्या. आमी बी करतो तसं नवं औषध आलं की."

मॅडम खुलल्या. इतक्या पटकन हे कुणाला समजलं नव्हतं म्हणे. झालं, कुसाबाई तरंगायला लागली. साक्षी नावाची मुलगी मग कागद वाचून दाखवू लागली: गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, कडक उन्हात जायचं नाही, काही त्रास झाला तर कळवायचं, रोज रात्री आरशात तळपाय बघायचे. मन बसतंय असं दिसलं, तर त्या व्यक्तीला यातून काढून लगेच दुसरे उपचार सुरू करू. यातला 'काढून' हा शब्द कुसाबाईच्या डोक्यात बसला आणि त्याच्या पुढचं वाक्य बाहेरच राहिलं. उन्हात जाऊ नका म्हटल्यावर तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. फुलं तोडणाऱ्या बाईने उन्हात जायचं नाही तर काय पलंगावर बसून गुलाब पिकवायचे?

मालन अंगठेबहाद्दर, म्हणून दोघींच्या डब्या कुसाबाईने सांभाळायच्या असं ठरलं. मालनची एकतीस नंबरची, कुसाबाईची बत्तीस. सकाळी भाकरी झाली की ती आपल्या हाताने गोळी काढून द्यायची आणि मालन ती गिळून "संपला माझा फवारा," म्हणायची. दर महिन्याला दवाखान्यात जायचं, रक्त द्यायचं, साक्षीच्या नऊ प्रश्नांना उत्तरं द्यायची, नव्या डब्या आणायच्या. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

चैत्रात मालन बिघडली. आधी तिच्या हातांच्या पाठी आणि गालफडं लाल झाली, मग काळवंडून सोलवटली. ऊन तर दरवर्षी असायचं, पण असं कधी भाजलं नव्हतं. मग तिच्या छातीत जळजळू लागलं. अर्धी भाकरी खाऊन ती ताट सारायची. नऊ वाजले की वाफ्यातून निघून आंब्याच्या सावलीला डोक्यावर पदर घेऊन बसायची, आणि मळमळत असल्यामुळे फारसं बोलायची नाही. इकडे कुसाबाई ठणठणीत. भूक लागते, झोप लागते, भांडायला उत्साह आहे.

"काय होतंय गं?" तिने विचारलं.

"काय नाय ताई. बरं नाय वाटत, एवढंच."

'बरं नाय वाटत.' सासूनेही सुरुवातीला हेच म्हटलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. कुसाबाईने तर ताक बघितलं आणि दूधच समजून बसली. तिने मनाशी हिशोब मांडला: मी फवारलेली वळ, ही सोडलेली. माझ्या डबीत औषध आहे म्हणून मी टुणटुणीत, हिच्या डबीत पीठ आहे म्हणून ही चालली सासूच्या वाटेने. मॅडमना माहीत नसेल, पण शेतकऱ्याच्या बाईला पान बघून कळतं.

पुढच्या फेरीला अजून दिवस होते. दवाखान्यात फोन करून मालनच्या त्रासाबद्दल सांगावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण सांगितलं तर हिला काढतील, आणि काढलं तर घरात एकच डबी राहील. त्यापेक्षा सोपा उपाय तिच्या हातात होता. वीस वर्षं ती तेच करत आली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात आमरस होता. मालनला तिच्या वाटणीचे दोन चमचेही जाईनात. तिसऱ्या प्रहरी मालन मुलीबरोबर, रूपालीबरोबर, शेजारी गेली तेव्हा कुसाबाईने दोन्ही डब्या ओट्यावर घेतल्या. एकतीसमधल्या गोळ्या एका वाटीत ओतल्या, बत्तीसमधल्या दुसऱ्या वाटीत. दोन्हींचा रंग एकच, आकार एकच. मग या वाटीतल्या त्या डबीत आणि त्या वाटीतल्या या डबीत भरून झाकणं घट्ट लावली. तिला जरासुद्धा भीती वाटली नाही. उलट ताटातला मऊ गर मालनला वाढताना वाटायचं तसंच वाटलं. मालनने विचारलं असतं तर म्हणायला उत्तरही तयार होतं.

आणि गंमत बघा, पंधरा दिवसांत मालनचे गाल निवळले. हातांवर नवी कातडी आली, जळजळ थांबली, अख्खी भाकरी जाऊ लागली. पी हळद आणि हो गोरी, असं जगात कुठे होत नाही, पण कुसाबाईच्या डोळ्यांसमोर झालं. तिच्या स्वतःच्या हातांची पाठ जरा लाल झाली, छातीत जळजळलं, पण ते तिने वैशाखाच्या उन्हावर आणि आमरसावर ढकललं. तिने देवापुढे साखर ठेवली. पुढच्या महिन्यात नव्या डब्या आल्या तशी घरी येताच परत अदलाबदल केली. त्याच्या पुढच्या महिन्यातही केली.

ज्येष्ठ संपता संपता मालन खरोखरीची गप्प झाली. हे गप्पपण वेगळं होतं. आधी ती सावलीला बसायची तरी बोलावलं की वळून बघायची, "आले आले," म्हणायची. आता हाक ऐकू येऊनही ती वळत नव्हती. वाफ्यात हात चालायचे, तोंड चालायचं नाही. पहाटे तीनलाच जागी होऊन उंबऱ्यावर बसायची. रूपालीला बारावीत चांगले गुण पडले, तिने आईच्या पायाला हात लावला, तर मालन म्हणाली, "बरं झालं." आणि नुसती बघत राहिली. पोरगी आत जाऊन रडली.

गोटीराम कुसाबाईकडे आला. "वहिनी, हिचं काय तरी बिनसलंय. मी दवाखान्यात सांगू का?"

"सांगायचं नाय काय," कुसाबाई म्हणाली. "औषध चढायला टाईम लागतो. मधी किती सुधारली होती, बघितलं ना? मी हाय ना, भाऊजी."

ती आहे म्हटल्यावर गोटीरामचा विषय संपला. नऊ वर्षांचा असल्यापासून संपत आला होता.

आषाढातल्या फेरीला जाताना कुसाबाईने मालनला पढवून ठेवलं. साक्षी विचारेल झोप लागते का, तर लागते म्हण. उदास वाटतं का, तर नाही म्हण. "नायतर नाव कापत्याल तुझं. गोळी बंद व्हईल. कळतंय का?" मालनने मान हलवली. तिला गोळीचं सुखदुःख राहिलं नव्हतं, पण थोरल्या जावेचं ऐकायचं हे अंगवळणी पडलेलं होतं. साक्षीने नऊ प्रश्न विचारले. मालनने नऊ वेळा चांगलं उत्तर दिलं. नवव्या प्रश्नाला, जीव नकोसा वाटतो का असं विचारल्यावर, ती थोडा वेळ गप्प राहिली. तेव्हा शेजारी बसलेली कुसाबाई म्हणाली, "तसलं काय नाय वं आमच्यात." साक्षीने शून्य लिहिलं.

श्रावण लागला आणि फुलांना मरणाची मागणी आली. त्र्यंबकच्या सोमवारांसाठी व्यापारी शेतात येऊन उभे राहू लागले. घरातल्या कुणाला कुणाकडे बघायला सवड नव्हती. पावसाने वाफ्यात चिखल झालेला, आणि चिखलात चप्पल रुतते म्हणून बायका अनवाणी उतरायच्या. कुसाबाईने रोज रात्री आरसा घेऊन तळपाय बघायचा नेम सोडला नव्हता. मालनचा आरसा कधीचा फडताळावर पालथा पडला होता. ते कुसाबाईने पाहिलं होतं. उद्या बोलू, असं म्हणून ती रोज झोपी जायची.

तिसऱ्या सोमवारी रूपाली म्हणाली, "मोठी आई, आईच्या पायाला वास येतोय."

डाव्या तळव्यात गुलाबाचा काटा मोडून राहिला होता. साखरेने पाय बधिर झालेले, त्यामुळे टोचलेलं कळलं नसेल म्हणावं, तर आता टाच काळी पडली होती, पोटरीपर्यंत सूज होती, आणि ते डोळ्याला तरी दिसत होतंच. मालन त्या पायाने आठ दिवस फुलं तोडत होती. गाडीत घालून नाशिकला नेताना कुसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"सांगितलं का नाय गं?" ती म्हणाली. "एवढं झालं तरी?"

"सांगून काय करायचं व्हतं, ताई?" मालन म्हणाली. ती रागाने बोलली नाही की रडतही नव्हती. पिशवी कुठे ठेवू असं विचारावं, तसं तिने विचारलं. कुसाबाईला त्या क्षणी भीती वाटली, आणि ती पायाची नव्हती.

पाय घोट्यातून काढला. विष तोवर रक्तात गेलं होतं. सहाव्या दिवशी मालन गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती.

दहावं झालं. त्यानंतर चार दिवसांनी दवाखान्यातून निरोप आला, मालनबाईंच्या घरच्यांनी भेटून जावं. गोटीराम आणि कुसाबाई गेले. योगिनी मॅडमचे डोळे सुजलेले होते. त्या उठून कुसाबाईच्या जवळ येऊन बसल्या.

"कुणी दगावलं तर त्यांचं पाकीट उघडावं लागतं, तसा नियम आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात येत असेल की त्यांच्या वाट्याला पिठाची गोळी आली असेल. तसं नव्हतं. पहिल्या दिवसापासून त्यांच्या डबीत औषधच होतं. एवढं तरी तुम्हाला सांगावं, असं मला वाटलं."

गोटीरामने उपरणं तोंडाला लावलं. चौदा दिवसांत तो पहिल्यांदा रडत होता. "बरं झालं सांगितलं, मॅडम," तो म्हणाला. "डोक्यात तेच यायचं सारखं. तिला मिळायचं ते मिळालं म्हंजी."

"हो. ते मात्र मिळालं." मॅडमनी कागद पुढे ओढले. "एक विचारायचं होतं. या औषधाने उन्हात कातडी भाजते, छातीत जळजळ होते. बऱ्याच जणांना होतं आणि मग सवय होऊन कमी होतं. मालनबाईंनी असं कधी काही सांगितलं नाही. त्यांना काहीच झालं नव्हतं का?"

कुसाबाईला फवारलेलं शेत दिसलं. कडक औषध फवारलं की पीक आठ दिवस गप्प होतं. पानं करपतात, कळी थांबते. नवखा शेतकरी घाबरून दुसरं काहीतरी मारायला धावतो, आणि जुनं माणूस त्याला सांगतं, थांब, औषधाचा झटका आहे हा, औषध लागू पडतंय. गावातल्या किती जणांना तिने स्वतः हे सांगितलं होतं. मालनचे सोललेले हात तिने पाहिले होते, तिच्या ताटातली अर्धी भाकरी पाहिली होती. आणि स्वतःच्या अंगावर, आखाजीपर्यंतचे तीन महिने त्याच उन्हात त्याच वाफ्यात, काहीसुद्धा उमटलं नव्हतं. मग मालनची कातडी पंधरा दिवसांत निवळली ती कशाने, हे आता तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती.

मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. "मग 'त्रास काही नाही' असंच लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि औषध सुरू असूनही मन खचलं, असं लिहावं लागेल."

गोटीराम डोळे पुसत होता. आता नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. त्याला सापडलेला आधार त्याच्याजवळ राहिला असता, आणि ती त्याची वहिनी राहिली असती. गप्प राहायला कुसाबाईला जमलंही असतं. पण फवारलेल्या वळीवरचं औषध पाण्याने धुऊन टाकून 'हे औषध फुकट आहे, कुणी घेऊ नका' म्हणत गावभर सांगत फिरणारी माणसं तिने पाहिली होती, आणि त्यांना तिने तोंडावर शिव्या दिल्या होत्या. बाहेरच्या बाकावर सात-आठ बायका आपापल्या डब्या घेऊन बसल्या होत्या.

"लिहू नका," ती म्हणाली. "तिनं तुमचं औषध आखाजीपातुर खाल्लं. पुढं मी खाल्लं. मी बदललं."

मग तिने सगळं सांगितलं. वाट्या, झाकणं, दर महिन्याची अदलाबदल. प्रश्नांची पढवलेली उत्तरंही सांगितली, नववा प्रश्नही सांगितला. सांगताना ती गोटीरामकडे एकदाही वळली नाही. मॅडमनी कुणाला तरी फोन केला, मग पुन्हा केला. दुसरं पाकीट उघडायची परवानगी यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास तिघं त्या खोलीत बसून होते. मग साक्षी पाकीट घेऊन आली. मॅडमनी ते फोडलं, वाचलं आणि पालथं ठेवलं.

"बत्तीस नंबरमध्ये पीठ होतं," त्या म्हणाल्या. लगेच पुढे बोलल्या, "पण ऐका. हे औषध उपयोगी आहे की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. एका बाईवरून ते ठरत नाही. तुम्ही काही केलं नसतं तरी कदाचित त्या खचल्या असत्या. गोळीचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"आन् उत्तरांचं?" हे गोटीरामने विचारलं.

मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद वर काढला. "खरी उत्तरं मिळाली असती," त्या हळू म्हणाल्या, "तर त्याच दिवशी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं असतं. त्याच्यावर औषधं आहेत. लोक बरे होतात."

"पायाकडं बघितलं असतं तिनं?"

"बहुतेक बघितलं असतं."

गोटीरामने मान हलवली. कुसाबाईला वाटलं, तो आता ओरडेल. त्याने ओरडावं, हात उचलावा, लोकांनी जमावं, असं तिला मनापासून वाटत होतं. तो उठला आणि मॅडमना नमस्कार करून बाहेर गेला. ती त्याच्या मागून जिना उतरली. गाडीजवळ तो थांबला होता.

"रूपालीला सांगायचं नाय," तो म्हणाला. त्याची नजर मोटारसायकलच्या किल्लीवर होती. "तिला आता तुमच्याबिगर कोण हाय? कळलं तर पोरगी दोन्ही आया गमवंल. आन् मला बी परत कधी सांगू नका."

"भाऊजी—"

"बसा. उशीर व्हतोय."

दोघं मातोरीला आले. घरी रूपाली दारातच उभी होती. तिने कुणालाच पाणी विचारलं नाही, सरळ बापाला विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"तुझ्या आईला खरं औषध व्हतं म्हणाले. पिठाची गोळी नव्हती."

एवढं सांगून तो पाठमोरा झाला आणि शेताकडे चालू लागला. रूपाली तिथेच उंबऱ्यावर बसली, आणि कुसाबाई शेजारी बसताच तिच्या कुशीत शिरून गदगदून रडायला लागली. कितीतरी दिवस तिच्याही मनात तेच घोळत असणार.

"म्हणजे आपण काही कमी नाही ना केलं, मोठी आई?"

कुसाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गोटीराम अंगणाच्या कडेला थांबला होता, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"नाय गं पोरी," कुसाबाई म्हणाली. "काय बी कमी नाय केलं."